गेल्या वर्षीची किल्ली

मर्ल हॉचकिस हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमच्या कॉलेजचा बेसबॉलचा कोच. गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ज्यांची बर्फात रुतलेली गाडी त्याने ढकलून दिली नाही अशी घरंही थोडीच. मला मात्र तो पहिल्यापासून वेडपट वाटत आला. माझी बहीण अर्लीन गावातली सगळ्यात देखणी मुलगी, आणि तिने पसंत केला कोण, तर भर उन्हात उभा राहून स्वतःच्या नाकाला, टोपीला, पट्ट्याला हात लावत बसणारा माणूस. हे मी त्यांच्या लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. फटकळ तोंड मला आईकडून मिळालं, आणि जन्मभर लोकांचे केस कापून ते आणखी सुटलं.

तो नाकाला आणि टोपीला हात का लावायचा ते आधी सांगते. आपला संघ बॅटिंग करत असला की कोच तिसऱ्या बेसपाशी, म्हणजे पळणाऱ्याच्या तिसऱ्या थांब्यापाशी, उभा राहतो आणि पोरांना खुणांनी सांगतो: मार, सोड, पळ. समोरचा संघही डोळे फाडून बघत असतो, म्हणून एका खऱ्या खुणेच्या मागेपुढे ढीगभर खोट्या खुणा करायच्या. पोरांना एवढंच ठाऊक असतं, की अमुक एका जागेला हात लागला की त्याच्या लगेच नंतरची खूण तेवढी खरी. बाकी सगळं सोंग. त्या जागेला ते लोक किल्ली म्हणतात. गेल्या वर्षी किल्ली होती कानाची पाळी. आधी कान, मग छातीवर तळवा, म्हणजे 'सोड', चेंडू जाऊ दे, बॅट हलवू नकोस. कानाला हात न लावता नुसता तळवा छातीवर ठेवला, तर त्याला काडीचा अर्थ नाही.

वर्षभरात किल्ली फुटतेच. दुसऱ्या कॉलेजांचे कोच काही आंधळे नसतात. म्हणून दर पानगळीत, कॉलेज उघडलं की, मर्ल नवी किल्ली काढायचा, आणि पोरांना सांगायच्या आधी ती स्वैपाकघरात अर्लीनवर चालवून बघायचा. तो फ्रिजपाशी उभा राहून माकडचेष्टा करायचा आणि ती बटाटे सोलता सोलता, मान जेमतेम वर करून सांगायची, "पळ. सोड. मार. आता काहीच नाही, नुसता खाजवतोयस." ती कधी चुकायची नाही. पोरांना जे पाठ व्हायला पानगळ सरायची, ते तिला एका संध्याकाळीत यायचं.

पुढे पुढे ते दोघं घरातही खुणांनीच बोलायला लागले. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मर्लची खूण, पळ. जेवणाच्या टेबलावर मी राजकारणाचा विषय काढून त्याला डिवचलं, की गेलं वर्षभर पलीकडून अर्लीनचा हात कानाला जायचा, मग छातीवर. सोड, बॉनीच्या तोंडी लागू नकोस. मला ते दिसायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याच बहिणीने माझ्याच देखत माझ्याविरुद्ध खाणाखुणा करायच्या म्हणजे काय. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवाही वाटायचा. माझ्या नवऱ्याशी माझं शब्दांनीसुद्धा कधी जमलं नाही.

कॉलेजचा कोच म्हटलं की परगावच्या माणसाला मोठं वाटतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आमचं कॉलेज एवढंसं, सगळ्या बाजूंनी मक्याची शेतं. मैदानाचं गवत मर्ल कापणार, चुन्याच्या रेषा मर्ल ओढणार, सामन्याला जायची व्हॅन मर्ल हाकणार, आणि घामट कपडे धुवायला अर्लीन. तो स्वतः याच मैदानावर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. कोपर गेलं आणि मोठ्या संघात जायचं राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. मीच त्याच्या वतीने कुरकुरायचे.

वसंतातल्या खऱ्या सामन्यांपेक्षा त्याचा जीव पानगळीतल्या सरावावर. तेव्हा जिंकणं-हरणं कुठे लिहिलं जात नाही, बघायला कुणी येत नाही, आपलीच पोरं दोन गट करून आपसात खेळतात. सराव संपला की मर्ल चेंडूंची बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा आणि पलीकडच्या शेतात मका कापणारं यंत्र धूळ उडवत जाताना बघत राहायचा. मी एकदा विचारलं होतं, काय बघतोस एवढं? तर म्हणाला, वसंतात मला फक्त आकडे दिसतात, पोरं दिसतात ती आत्ता. दर वर्षी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तो पोरांना गवतावर बसवून एकच वाक्य सांगायचा, "पानगळीतल्या चुका फुकट. हव्या तेवढ्या करा. मी वसंतात मोजतो." माझ्या दुकानात केस कापून घ्यायला येणारी पोरं त्याची नक्कल करायची, आणि मीही हसायचे.

यंदा सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला मी त्यांच्याकडे जेवायला होते. मक्याची कणसं, पोर्क चॉप, अर्लीनच्या परसातले टोमॅटो. जेवण झाल्यावर मर्ल फ्रिजपाशी उभा राहिला आणि म्हणाला, यंदा हनुवटी. अर्लीन म्हणाली, "हनुवटी? आता आमची लोंबायला लागली तेव्हा तुला तीच सापडली का?" मग त्याने खुणा केल्या आणि तिने ओळखल्या. मी कॉफी पीत बसले होते, अर्धं लक्ष देत होते. सगळ्या बरोबर आल्या. निघताना मात्र गंमत झाली. मी दारात मर्लला काहीतरी टोचून बोलले, तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात अर्लीनने सवयीने कान धरला आणि छातीवर हात ठेवला. मर्ल म्हणाला, कान नाही, हनुवटी. तिने स्वतःच्या हातावर चापट मारली आणि खो-खो हसली. "ठेवीन रे लक्षात," म्हणाली. "वसंताला अवकाश आहे अजून."

त्याच आठवड्यात तिला झटका आला. टोमॅटोच्या वाफ्यात पडलेली मर्लला सापडली. शहरातल्या इस्पितळात नेलं तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. डोळे उघडे होते आणि डावा हात हलत होता. तिची मुलगी कार्ला ओमाहाहून गाडी हाणत आली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साचलंय. कवटी उघडून ते काढता येईल. वाचेल कदाचित, पण बोलेल, चालेल, माणसं ओळखेल याची हमी नाही. काय ते लवकर सांगा.

मर्ल तिच्यावर वाकला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. "अर्लीन, ऑपरेशन करू देऊ का?"

तिचा डावा हात उठला. फार हळू. कानाच्या पाळीला लागला, मग खाली आला आणि छातीवर पालथा पडून राहिला. मर्लने पुन्हा विचारलं. पुन्हा कान, पुन्हा छाती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते.

"सोड म्हणतेय," मर्ल डॉक्टरांना म्हणाला. "नको म्हणतेय ती."

डॉक्टरांनी समजावलं की अशा अवस्थेत हात आपोआप हलतात, त्याचा अर्थ लावू नये. कार्ला तर पेटलीच. "डॅड, तिचा कान खाजत असेल. कान खाजला म्हणून तू आईला मरू देणार?"

मर्ल तिच्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तिची खूण मी आयुष्यभर वाचतोय, कार्ला. एकदाही चुकलो नाही."

मी त्याची बाजू घेतली. बाहेर बोळात कार्लाचा दंड धरून तिला सांगितलं की तुझ्या आई-बापाचं आपसातलं बोलणं तुला काय कळणार, तो म्हणतो तसंच असणार. तेव्हा पहिल्यांदाच मला मर्लचा अभिमान वाटला. ऑपरेशन झालं नाही. आठवडा उलटायच्या आत अर्लीन गेली, झोपेतच, मर्लच्या हातात तिचा डावा हात होता. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि बटाट्याची कॅसरोल खाऊन लोक आपापल्या घरी गेले. कार्ला काही न खाता गेली. त्यानंतर तिने बापाला फोन केला नाही.

मर्ल लगेच मैदानावर परतला. लोक म्हणाले, थोडे दिवस घरी बस. तो म्हणाला, दिवस लहान होत चाललेत, पोरांना उजेड मिळणार नाही. पूर्वी अर्लीन दुपारची त्याच्यासाठी थर्मासमधून कॉफी घेऊन जायची. आता मी नेऊ लागले. दुकान मधेच बंद करून जायचं म्हणजे गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण त्याला एकटा सोडवेना. मी बाकावर बसायचे आणि मला न समजणारा तो खेळ बघायचे. तो शांत होता. तिला जे हवं होतं ते आपण केलं, एवढ्या एका गोष्टीवर तो उभा होता. माझ्याशी तसं एकदा बोललाही, की बॉनी, शेवटचं तिने मला सांगितलं आणि मला ते कळलं, किती जणांच्या नशिबी असतं?

मग ऑक्टोबरमधली ती दुपार. पोरं आपसातला सामना खेळत होती. ट्रेंट नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा बॅटिंगला होता. जाडजूड, गोड पोरगा, अर्लीनच्या हातच्या पम्पकिन पायचा भक्त. मर्लने तिसऱ्या बेसपाशी नेहमीचं सोंग केलं. टोपी, कान, छाती, गुडघा, पट्टा. चेंडू आला तो अगदी मधोमध, आंधळ्यानेही मारावा असा. ट्रेंट बॅट खांद्यावर ठेवून उभाच राहिला.

मर्लने विचारलं, का सोडलास? ट्रेंट म्हणाला, "कोच, तुम्हीच सोड म्हणालात. कान, मग छाती."

"कान गेल्या वर्षीचा!" मर्ल ओरडला, पण रागाने नाही, पोरांवर ओरडतात तसा. "यंदा हनुवटी. कानाला आता काही अर्थ नाही. कानानंतर जे येईल ते खोटं समजायचं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, किती वेळा सांगू..."

आणि तो थांबला. दाखवण्यासाठी उचललेला हात कानापाशी तसाच राहिला.

मला त्याच क्षणी कळलं. हातातला थर्मास मी बाकावर ठेवला, तो घरंगळून खाली पडला. पिचर चेंडू हातात घेऊन वाट बघत होता. पोरं एकमेकांकडे बघत होती. मर्ल हळूहळू खाली बसला, तिथेच, चुन्याच्या रेषेवर. पोरांना वाटलं त्याच्या छातीत दुखतंय, ती धावली. मी कुंपणाच्या फाटकातून आत गेले आणि पोरांना म्हटलं, जा, पाणी प्या जा. जन्मात पहिल्यांदा मी त्या मैदानात पाय टाकला.

मी त्याच्या शेजारी बसले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तू तिथे होतीस," तो म्हणाला. "तिने आधी कुठे हात लावला?"

"कानाला."

"हनुवटीला नाही?"

"नाही."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, मर्ल."

दुसरी कुणी असती तर हनुवटी म्हणाली असती. माझ्या मनात आलंही. पण तो माझं तोंड ओळखतो, आणि मग माझ्या कुठल्याच शब्दावर त्याने पुन्हा विश्वास ठेवला नसता. तिला नवी किल्ली आठवत असली, तर तिने त्याला सांगितलं होतं की हे खरं नाही, मला सोडू नकोस. आठवत नसली, तर सांगितलं होतं, सोड. आणि खरं काय ते सांगणारी एकुलती एक बाई आम्ही मक्याच्या शेताकडेच्या दफनभूमीत ठेवून आलो होतो.

मी म्हटलं, "लेबर डेला दारातही तिने कानच धरला होता. जुनी सवय. सवयच ती."

"तेव्हा ती हसली होती," मर्ल म्हणाला. "चुकली की ती हसायची. इस्पितळात हसली नाही."

"अर्धा चेहरा मेला होता तिचा. हसणार कशाने?"

गवत थंड पडायला लागलं होतं. माझ्या बहिणीसाठी मी दफनाच्या दिवशी रडले नव्हते इतकी तिथे बसून रडले, आणि तो नुसता स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, कार्लाला सांगायचं का? मी म्हटलं, ती खाजेवर ठाम आहे, तिला तिथेच राहू दे. तो मान हलवून हो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात पोरं माझ्याकडे केस कापायला आली ती तक्रार घेऊनच. कोचनी किल्ली बदलली म्हणे. पुन्हा कान. मी कात्री थांबवली. ट्रेंट खुर्चीत बसला होता, म्हणाला, "बॉनी मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना. आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांना कान ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यावरच आम्ही मार खाल्ला. मदतनीस कोच त्यांच्याशी भांडले, तर हे म्हणाले, किल्ली कानच राहणार, आणि मी आहे तोवर कानच राहणार."

मी ट्रेंटचा कान दुमडला आणि त्याच्यामागचे केस कापत राहिले. मला कळत होतं मर्ल काय करतोय. हनुवटी नव्हतीच, कधी झालीच नाही, किल्ली कानच होती आणि कानच आहे, असं तो करून ठेवत होता. तिने कानाला हात लावला, मग छातीला, ते कुणालाही खोटं म्हणता येऊ नये म्हणून. किती वेडेपणा. मी त्याला नेहमी वेडपट म्हणत आले, पण त्या दिवशी मला ते म्हणवलं नाही.

पानगळीच्या शेवटच्या शनिवारी नदीपलीकडच्या कॉलेजचा संघ खेळायला आला. आकडे न लिहायचा सामना, दर वर्षी होतो. मी जाडा कोट घालून गेले. पलीकडच्या पोरांना कान लगेच आठवला. मर्लने हात कानाकडे नेला की ती एकमेकांना कोपरखळ्या मारायची, आणि आमचं पोरगं पळायला लागायच्या आधीच चेंडू पुढच्या बेसवर हजर. ती हसत होती. आमची पोरं कोचकडे बघायची आणि मुकाट परत यायची. एकानेही तोंड वर करून विचारलं नाही. आम्ही सपाटून हरलो.

सामना संपल्यावर आमची पोरं रिवाजाप्रमाणे गवतावर बसली आणि त्या वाक्याची वाट बघू लागली. मर्लने त्यांना सांगितलं की परीक्षा जवळ आल्या आहेत, अभ्यास करा, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आयांना कामात मदत करा. मग जा म्हणाला. पोरं उठेनात. त्याला कळलं ती कशासाठी थांबली आहेत. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि टोपी डोक्यावर नीट केली. फुकट हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही.

पोरं गेल्यावर पलीकडचा कोच आला. तरुण माणूस, भला होता. मर्लशी हात मिळवून त्याने अर्लीनबद्दल दोन शब्द बोलून घेतले. मग घुटमळला.

"कोच, रागावू नका," तो म्हणाला. "वसंतात खरे सामने आहेत म्हणून सांगतो. तुमची किल्ली आमच्या पोरांना पाठ आहे. गेल्या वर्षीचीच आहे ती."

"ठाऊक आहे मला," मर्ल म्हणाला.

"मग बदलत का नाही?"

मर्लने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "माझ्या बायकोला हीच येत होती," तो म्हणाला.

त्या माणसाला त्यातलं काही कळलं नसणार, पण त्याने टोपी काढली. त्यांची बस निघून गेली. मर्लने बादली उचलली, आणि उजेड होता तोवर आम्ही दोघांनी मैदानभर फिरून चेंडू गोळा केले.